सम्राटाच्या मानेवरचा भोवरा

गोणपाटात गुंडाळलेलं मुंडकं हातगाडीवरून आलं, तेव्हा एपाफ्रा आपल्या शिल्पशाळेच्या दारात बसून उकडलेले चणे खात होता. गाडीवाल्यांनी ते फळीवर ठेवलं आणि हात झटकले. त्यातला एक जण गोणपाटाकडे पाहून जमिनीवर थुंकला. थुंकताना त्याने आजूबाजूला कोण पाहतंय याचा अंदाज घेतला, म्हणजे थुंकी फुकट जायला नको.

"आला बघ तुझा पाहुणा," आतून त्याची बायको हेल्पिस म्हणाली. "मागच्या खेपेला वाजतगाजत गेला होता, आता पोत्यात बसून आलाय."

सम्राट रोममध्ये मारला गेल्याला सतरा दिवस झाले होते. सिनेटने ठरवलं होतं की त्याचं नाव प्रत्येक दगडावरून आणि त्याचा चेहरा प्रत्येक चौथऱ्यावरून गेला पाहिजे. पुतेओलीच्या वेशीवर, त्यानेच केलेल्या रोमच्या रस्त्याच्या तोंडाशी, दोन माणसं शिडीवर चढून त्याचं नाव खरवडत होती आणि खालून त्याच रस्त्याने बैलगाड्या ये-जा करत होत्या. जुने पुतळे फोडायचे किंवा सुधारायचे, हे ज्या त्या गावाने बघायचं होतं. गाव काटकसरी होतं, म्हणून काम एपाफ्राकडे आलं. जुन्या सम्राटाच्या डोक्यातून नवा सम्राट काढायचा. धड तेच, चिलखत तेच, उंचावलेला हातही तोच. डोकं पहिल्यापासून वेगळंच असे, मानेसकट खांद्यांमधल्या खाचेत बसवलेलं. ते उचलायचं, नवं ठेवायचं.

हा पुतळा सम्राटसेवक मंडळाच्या सभागृहातला होता. मंडळात सगळे एके काळचे गुलाम, आता मोकळे झालेले आणि पैसेवाले. जन्माने गुलाम असलेल्याला नगराच्या पंचायतीत जागा नाही, पण सम्राटापुढे धूप जाळायचा मान मात्र मिळतो. मंडळाचा या वर्षीचा मुख्य सुकेसस. त्याची बंदरावर मोठी भट्टी होती, निम्मं गाव त्याचा पाव खात असे. या कामाचा खर्चही तोच करणार होता. काम सांगायला तो आला तेव्हा घाईत होता. बरोबर चार माणसं होती.

"चेहरा नीट कर," तो म्हणाला होता. "कोनाडा अरुंद आहे. मागच्या बाजूला उगाच वेळ घालवू नकोस."

"पाववाला तो पाववालाच," तो गेल्यावर हेल्पिस म्हणाली होती. "खालचा भाग करपला तरी चालतो, वरून लाल दिसला की झालं."

एपाफ्राला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कोनाड्यातल्या पुतळ्याची पाठ कुणीच सुधारत नसे. सगळ्या शिल्पशाळांत हीच रीत.

त्याने गोणपाट सोडलं. ओळखीचा चेहरा. या सम्राटाची एकोणीस मुंडकी त्याने स्वतः घडवली होती आणि त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलेले लोक सांगत की तो टकला होता, पोट सुटलं होतं. रोमहून येणाऱ्या प्लास्टरच्या नमुन्यात मात्र त्याचे केस दर वर्षी वाढतच होते. सम्राट पुतेओलीत कधी येत नसे, त्याचं मुंडकं येत असे. न्यायाधीश त्या चेहऱ्याखाली बसून निकाल देत, खलाशी त्याच्यापुढे शपथ घेत, बाजारातली वजनं त्याच्या देखत तपासली जात. एपाफ्राला कधी कधी वाटे, त्या टकल्या माणसापेक्षा आपण केलेला हा केसाळ माणूसच जास्त राज्य करतोय.

हे एक मुंडकं मात्र त्याने केलेलं नव्हतं. हे सगळ्यात पहिलं, चौदा वर्षांपूर्वीचं, म्हाताऱ्या मेनोफिलोसच्या हातचं. मेनोफिलोस त्याचा मालक. ही शिल्पशाळा त्याची होती आणि एपाफ्राही त्याचाच होता, फळीवरच्या छिन्नीसारखा. मरताना म्हाताऱ्याने मृत्युपत्रात त्याला मोकळं केलं, शिल्पशाळा दिली. तोंडाने मात्र अठरा वर्षांत एकच शब्द दिला होता. एपाफ्राने काही घडवून पुढे ठेवलं की म्हातारा ते बोटाने चाचपायचा आणि म्हणायचा, "पुन्हा कर."

सहा दिवस एपाफ्रा चेहऱ्यावर काम करत होता. नवा सम्राट वयस्कर, किडकिडीत, गाल बसलेले, नाक बाकदार. हे एक नशीबच. दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. जाड्या माणसातून बारीक निघतो. नाक मोठं दिसावं म्हणून गाल मागे न्यायचे, कपाळावरच्या बटा उतरवून तिथे सुरकुत्या आणायच्या. तो दातेरी छिन्नीने चेहरा उतरवत गेला आणि जुना माणूस पांढऱ्या भुकटीच्या रूपाने त्याच्या मांडीवर जमत गेला.

सातव्या दिवशी दुपारी हेल्पिस भाकरी, ऑलिव्ह आणि अंजिरं घेऊन आली. कानांमागची रेघ तपासायला एपाफ्राने मुंडकं फिरवून ठेवलं होतं, त्याची पाठ दाराकडे होती. हेल्पिस दारातच थांबली.

"हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं?"

"स्वतःचं डोकं कशाला कोरलंस?"

"उन्हातून आलीस का डोक्यावर काही न घेता?"

तिने टोपली खाली ठेवली, जवळ आली आणि दगडाच्या मानेवर बोट टेकवलं. सम्राटाचे केस मानेवर ओळीत उतरत आले होते, पण ते संपतात तिथे, अगदी मध्यावर, एक भोवरा होता. तिथले केस खाली न जाता उलटे फिरून वर गेले होते.

"हे बदकाचं शेपूट," ती म्हणाली. "न्हावी दर महिन्याला ज्याच्या नावाने बोटं मोडतो ते. आणि हे बघ." तिचं बोट डाव्या कानामागे गेलं. केसांच्या दोन ओळींमध्ये घेवड्याच्या दाण्याएवढी गुळगुळीत जागा सुटली होती. "इथे केस नाहीत. तुलाही नाहीत. वीस वर्षं तुझ्या डोक्याला तेल चोळतेय मी. मला ओळखू येणार नाही?"

एपाफ्राचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. भोवरा होता. कानामागची गुळगुळीत जागाही होती. दुसऱ्या हाताने त्याने दगड चाचपला. माणसाला आपली मान कधी दिसत नाही. त्याने हजार माना कोरल्या होत्या आणि ही एक त्याला ओळखता आली नव्हती.

ती जागा कशी झाली ते त्याला आठवत होतं. म्हाताऱ्याच्या छिन्नीखालून एक कपची उडाली आणि पुढे बसलेल्या एपाफ्राच्या कानामागे घुसली. रक्त थांबेना. म्हाताऱ्याने कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं ओरबाडून जखमेवर दाबलं, वरून द्राक्षारस ओतला आणि तो संपेपर्यंत शिव्या दिल्या. कुणाला देत होता ते कळलं नव्हतं. नंतर म्हणाला, "चल, बस कामाला."

"रोमहून फक्त चेहरा यायचा," एपाफ्रा हळूच म्हणाला. "चेहरा आणि पुढच्या बटा. मागचं डोकं ज्याने त्याने आपल्या मनाने करायचं. आणि म्हातारा कायम माझ्या मागे बसायचा, उजेडासाठी. समोर माझीच मान होती. म्हणून केली असेल. जे समोर दिसेल ते."

"समोर पाण्याचा हौदही होता," हेल्पिस म्हणाली. "तो नाही कोरला त्याने."

एपाफ्राने दगडावरची भुकटी फुंकली.

"आणि जखमेची खूण? सम्राटाच्या डोक्यावर ती कशाला हवी होती? गप्प बसणारा माणूस होता रे तो. त्याला दुसरं काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं."

त्या दिवशी एपाफ्राने पुढे काम केलं नाही. मुंडक्याच्या मागे बसून राहिला. अठरा वर्षं म्हातारा जसा त्याच्या मागे बसला होता, तसा.

चेहरा पुरा झाला. वजरीच्या दगडाने घासून त्याने गाल गुळगुळीत केले. पाठ तशीच ठेवली. नव्या सम्राटाचे केस नाण्यावर बारीक कापलेले दिसत, आणि इथे मानेवर तर जुन्याचे दाट केस वळत होते. पण कोनाडा अरुंद होता, भिंत जवळ होती. कुणाला दिसणार?

पुतळा बसवायच्या समारंभाला पाच दिवस राहिले आणि नगरमुख्य वेतियसचा कारकून आला. वेतियस नवा होता. नव्या सम्राटाच्या नजरेत भरायची त्याला घाई होती.

"पुतळा कोनाड्यात राहणार नाही," कारकून म्हणाला. "सभागृहाच्या मधोमध येणार. लोकांनी चारी बाजूंनी फिरून पाहायचा. साहेब म्हणतात, सम्राट म्हणजे काय भिंतीला टेकून उभा राहणारा पहारेकरी आहे?"

"मधोमध?" एपाफ्राने विचारलं.

"का? तुझी हरकत आहे?"

"नाही, नाही. माझी कसली हरकत!"

कारकून गेला. हेल्पिसने दार लावलं. गेल्याच आठवड्यात बंदरावरच्या एका तांब्याच्या दुकानदाराला पकडून नेलं होतं, कारण जुन्या सम्राटाचं छोटं मुंडकं त्याने वितळवायचं सोडून पोटमाळ्यावर ठेवलं होतं. तो साधासुधा माणूस, विसरला असेल. पण विसरला असं म्हणायलाही त्याला कुणी वेळ दिला नाही.

"काप," हेल्पिस म्हणाली. "एपाफ्रा, ऐक माझं. म्हातारा असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं."

"म्हातारा म्हणाला असता, पुन्हा कर."

"मग कर पुन्हा. खरं डोकं माझ्याजवळ राहू दे, दगडाचं जाऊ दे."

तिचं बरोबर होतं. पुढचे दोन दिवस एपाफ्रा तेच स्वतःला समजावत होता आणि दुसरी कामं उकरून काढत होता. पापण्यांच्या कडा पुन्हा पाहिल्या. कानाच्या पाळीत गिरमिट फिरवलं. गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी कारण उरलं नाही. त्याने मुंडकं फिरवलं, फळीवर वाळूच्या पिशव्यांमध्ये नीट बसवलं, छिन्नीचं टोक भोवऱ्याच्या मध्यावर ठेवलं. हातोडी उचलली.

दारावर धडाधड थापा पडल्या.

त्याने ओलं फडकं ओढून मुंडक्यावर टाकलं. हेल्पिसने दार उघडलं. बाहेर सुकेसस उभा होता. एकटा, धापा टाकत, अंगरख्यावर पीठ, पायात घरातल्या चपला. इतका मोठा माणूस बंदरावरून चालत आला होता.

"मधोमध ठेवणार म्हणून मला आज कळलं," तो म्हणाला. "आत्ता. त्या गाढवाने मला विचारलंसुद्धा नाही. मुंडकं कुठे आहे?"

"तयार आहे," एपाफ्रा म्हणाला. "थोडा हात फिरवायचा..."

"फडकं काढ."

"ओलं आहे. दगडाला..."

"काढ."

एपाफ्राने फडकं काढलं. सुकेसस चेहऱ्याकडे बघायलाही थांबला नाही. सरळ मागे गेला. एपाफ्राला त्याचा श्वास ऐकू येत होता. हेल्पिसने भिंतीला हात टेकला.

मग सुकेसस खाली एका कच्च्या दगडावर बसला.

"आहे," तो म्हणाला. "देवा, आहे. मला वाटलं, पोचेपर्यंत कापलं असणार."

एपाफ्राला अर्थ लागेना.

"तुला मी कोनाड्यात होतो ते ठाऊक नाही," सुकेसस म्हणाला. "आता कुणाच्या लक्षातही नाही. फक्त माझ्या बायकोला ठाऊक आहे." त्याने पिठाच्या हाताने तोंड पुसलं. "मी पहिल्यापासून पाववाला नव्हतो. त्याआधी दुसरा मालक होता माझा, रंगाच्या कारखान्यात. त्याचं नाव घ्यायचं नाही मला. बारा वर्षांपूर्वी एके सकाळी तो लोखंडी सळई घेऊन माझ्या मागे धावला. मी बाजारातून पळालो, सभागृहात शिरलो, चौथऱ्यावर चढलो आणि पुतळा नि भिंत यांच्या फटीत घुसून पुतळ्याच्या गळ्याला मिठी मारली."

एपाफ्राला रीत माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती. गुलामाने सम्राटाच्या पुतळ्याला मिठी मारली, की त्याला ओढून काढायची मालकाला मुभा नाही. न्यायाधीश येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

"दिवसभर होतो तिथे. मालक खाली उभा राहून शिव्या घालतोय, लोक जमलेत, न्यायाधीश जेवायला गेलेला. माझं नाक याच्या मानेवर. दुसरं काही दिसत नव्हतं मला. ही मान. हा भोवरा. आणि इथली ही टकलाची टिकली." तो हसला, आणि त्याचे डोळे भरले. "पुढून तो सम्राट होता, मोठा, सगळ्यांचा. मागून बघितलं तर कुणीतरी साधा माणूस. कुठेतरी मार लागलेला. मला वाटलं, याला कळतंय. वेडेपणा आहे, पण त्या भोवऱ्याने मला धरून ठेवलं. नाहीतर दुपारीच हात सुटले असते. संध्याकाळी न्यायाधीशाने हुकूम दिला, याला दुसऱ्याला विका. भट्टीवाल्याने घेतलं. तो भला माणूस होता. पुढचं तुला दिसतंय."

"म्हणून म्हणालात," हेल्पिस हळूच म्हणाली, "मागच्या बाजूला वेळ घालवू नकोस."

"मग आणखी काय म्हणणार? चार माणसांदेखत सांगू, त्या खुन्याची मान जपून ठेव म्हणून? त्या माणसाने रोममध्ये किती जणांना मारलं, मला ठाऊक आहे. मी त्याच्यासाठी रडत नाही. पण ही मान..." त्याने खांदे उडवले.

एपाफ्राने ओलं फडकं पिळून बाजूला ठेवलं. त्याला सांगायचं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"ही मान त्याची नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

एपाफ्राने पाठ केली आणि मान खाली घातली. त्याला आणखी काही सुचलं नाही. मग पिठाचं एक बोट त्याच्या मानेवर टेकलं, भोवऱ्यावरून फिरलं, डाव्या कानामागे गेलं आणि तिथे थांबलं.

"तू तेव्हा..."

"मीही गुलामच होतो. माझ्या मालकाने कोरलं. मला कधी सांगितलं नाही. मला हे कळून पाच दिवस झाले."

सुकेसस आधी नुसताच बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. पोट धरून, मोठ्याने.

"म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक सणाला मी धूप जाळतोय, तो तुझ्या डोक्याला?"

"निम्मा," हेल्पिस म्हणाली. "पुढचा निम्मा सम्राटाला. आणि आता दोघं हसताय कसले? परवा तो वेतियस मागे फिरून बघणार आहे. नव्याचे केस बारीक आणि मागे हे बदकाचं शेपूट. तिघांनाही त्या तांबटाशेजारी बसवतील."

हसू थांबलं. खरं तेच होतं. आणि एकदा कापलेलं दगडात परत घालता येत नाही. एपाफ्रा छिन्नीकडे पाहत होता. सुकेसस त्याच्याकडे पाहत होता आणि त्याला काप असं म्हणवत नव्हतं, नको असंही म्हणवत नव्हतं.

हेल्पिसने आपल्या अंबाड्याची लोकरी फीत सोडली. दगडाच्या डोक्याभोवती गुंडाळली, मागे गाठ मारली आणि दोन्ही टोकं मानेवर सोडली. मग दोन पावलं मागे सरून डोकं कलतं करून पाहिलं.

"विजयी सेनापतीच्या मुकुटाला मागे काय असतं?" तिने विचारलं.

दोघांनी फितीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुरुषांनो, फिती असतात. रुंद फिती. मानेवर लोंबतात. दगडात घालता येत नसेल, पण दगडावर घालता येतं ना? ब्राँझचा मुकुट करा, सोन्याचा मुलामा द्या, फिती चांगल्या रुंद करा. नव्या सम्राटाला मुकुट घालू नका असं म्हणायची हिंमत आहे वेतियसची?"

सुकेसस उठला. "दोन दिवसांत होईल?"

"तुमच्या भट्टीशेजारी दुसरा एक तांबट आहे ना," एपाफ्रा म्हणाला. "मी आज मेणाचा नमुना देतो. मुकुट अडकवायला फक्त चार बारीक भोकं पाडावी लागतील, कानांच्या वर. भोवऱ्याला धक्का लागणार नाही."

"मुकुट माझ्याकडून," सुकेसस म्हणाला. दारापर्यंत जाऊन तो परत आला. त्याने एपाफ्राचे दोन्ही हात धरून हलवले आणि निघून गेला. एपाफ्राच्या हातांना पीठ लागलं, त्याच्या हातांना संगमरवराची भुकटी. दोन्ही पांढरंच.

समारंभाच्या सकाळी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पुतळा मधोमध होता, उन्हाची तिरीप मुकुटावर. वेतियस पाहुण्यांना घेऊन चौथऱ्याभोवती सावकाश फिरला. पाठीमागे येऊन थांबला, मान वर करून फिती निरखल्या. एपाफ्राच्या हाताला हेल्पिसची नखं रुतली.

"पाहा," वेतियस म्हणाला. "समोरून, बाजूने, मागून! खरा सम्राट सगळीकडून सम्राटच असतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुकेसस जरा जास्तच जोरात वाजवत होता.

भाषणं झाली, मेजवानीची पानं मांडली जाऊ लागली, गर्दी पुढच्या बाजूला सरकली. एपाफ्रा आणि हेल्पिस पुतळ्याच्या मागेच राहिले. जिथून कुणी पाहत नाही तिथून ते पाहत होते. दोन सोनेरी फितींच्या मधे बोटभर फट राहिली होती. त्यातून दगडाचे उलटे वळलेले केस दिसत होते, ठाऊक असलं तरच.

सुकेसस वळसा घालून आला. त्याच्या हातात धुपाची डबी होती. मंडळाचा धूप त्याने पुढे जाळला होता. डबीच्या तळाशी उरलेली चिमूट त्याने लहानशा धुपाटण्यात टाकली आणि धुपाटणं चौथऱ्याच्या मागच्या कडेवर ठेवलं.

"तुझ्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?" त्याने विचारलं.

"मेनोफिलोस."

"मेनोफिलोस," सुकेसस हलक्या आवाजात म्हणाला. देवाचं नाव घ्यावं तसं नाही, शेजाऱ्याला हाक मारावी तसं. धूर सरळ वर गेला, फितींना लागला आणि मानेभोवती पसरला.

एपाफ्राने मनातल्या मनात म्हाताऱ्याला काय सांगितलं, ते त्याने हेल्पिसलाही सांगितलं नाही. तीही विचारायला गेली नाही. ती विचार करत होती तो वेगळाच.

"हाही म्हातारा आहे रे," ती नव्या चेहऱ्याकडे भुवईने खूण करत म्हणाली. "फार दिवस काढणार नाही. मग पुन्हा मुंडकं पोत्यात बसून आपल्याकडे येईल."

"येईल."

"तेव्हा काय करशील?"

"पुढचं पुन्हा करीन," एपाफ्रा म्हणाला. "फिती तशाच ठेवीन."